एलव्हीएसचं नॅट: दीड वर्ष रोज वापरल्यानंतर

कोल्हापुरातल्या आमच्या पतसंस्थेचं सभासद-पोर्टल दीड वर्षापासून दोन जुन्या सर्व्हरच्या मागे चालतंय. त्या दोन्हींवर लिनक्स, एलव्हीएस (लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर) आणि एक मशीन बंद पडलं तर दुसऱ्याकडे काम सोपवणारं कीपअलाइव्हड. वेन्सोंग झांग यांनी 1998 मध्ये सुरू केलेला एलव्हीएस हा लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या जोडण्या अनेक सर्व्हरमध्ये वाटून देणारा. तो आता लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) असतो, त्यामुळे परवान्याचा खर्च शून्य. मी तो नॅट पद्धतीनं, म्हणजे पॅकेटवरचे पत्ते बदलून, लावलाय आणि मला तो मनापासून आवडतो.

सभासद 10.20.0.10 या एकाच पत्त्यावर येतो. बॅलन्सर पॅकेटवरचा 'कुणाला' हा पत्ता बदलून मागच्या तीनपैकी एका सर्व्हरचा घालतो, 'कुणाकडून' याला हात लावत नाही. उत्तर परत जाताना सर्व्हरचा पत्ता काढून पुन्हा 10.20.0.10 घालतो. म्हणजे उत्तर त्याच्याच हातून गेलं पाहिजे, म्हणून सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा ठरलेला रस्ता) बॅलन्सरच हवा.

हे नीट कळलं ते पहिल्याच आठवड्यात. पोर्टल बाहेरून मस्त चालायचं, पण सर्व्हरच्याच सबनेटमधलं (स्थानिक नेटवर्कमधलं) आमचं एसएमएसचं मशीन, 192.168.50.40, जोडलंच जाईना. जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प लावला. सिन (जोडणीची मागणी) गेलं 10.20.0.10 ला, सिन-अ‍ॅक (त्या मागणीला होकार) आलं 192.168.50.21 या मागच्या सर्व्हरकडून, आणि आमच्या मशीननं लगेच रीसेट (जोडणी तोडण्याचा संदेश) पाठवलं. बरोबरच आहे, ज्याला हाक मारली नाही त्याचं उत्तर ते कशाला घेईल! शेजारी मशीन असल्यामुळे सर्व्हरनं गेटवेकडे न जाता थेट उत्तर दिलं होतं. मग आयपीव्हीएसचं (एलव्हीएसच्या कर्नलमधल्या भागाचं) कनेक्शन ट्रॅकिंग, म्हणजे जोडण्यांची नोंद ठेवणं, चालू केलं आणि फक्त 192.168.50 च्या पट्ट्यातून येणाऱ्यांसाठी आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या पॅकेट-नियमांत) सोर्स नॅटचा, म्हणजे 'कुणाकडून' हा पत्ताही बदलून बॅलन्सरचा घालायचा, नियम घातला. तेव्हापासून एकदाही अडलं नाही.

सोर्स नॅट सरसकट सगळ्यांना लावणं सोपं असतं, गेटवे बदलायची कटकट वाचते. पण मग सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीत बॅलन्सरचाच पत्ता. एखाद्या खात्यात रात्री दोनला कुणी शिरलं, तर शोधायचं कसं? शिवाय बॅलन्सरच्या एका पत्त्यावरून एका सर्व्हरच्या एका पोर्टकडे एका वेळी जेमतेम चौसष्ट हजार कनेक्शन. एलव्हीएसमध्ये मला हे दोन्ही टाळता आलं, आणि माझ्या लेखी हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

मर्यादा आहेत. जाणारं-येणारं सगळं बॅलन्सरमधूनच वाहतं, त्यामुळे मोठ्या डाउनलोडचा भार असेल तर डायरेक्ट राउटिंग (सर्व्हरनं थेट उत्तर देण्याची पद्धत) बघा. यूआरएल पाहून वाटणी हवी असेल तर हॅप्रॉक्सी हा दुसरा बॅलन्सर घ्या, एलव्हीएस पॅकेटच्या आत डोकावत नाही.

आणि कीपअलाइव्हडमध्ये बाहेरचा पत्ता आणि आतला गेटवेचा पत्ता, दोन्ही तरंगते (एका मशीनवरून दुसऱ्यावर जाऊ शकणारे) ठेवा, एकाच सिंक ग्रुपमध्ये, म्हणजे ते एकत्रच हलतील. एकटा बाहेरचा पत्ता दुसऱ्या मशीनवर गेला, तर सर्व्हर उत्तरं बंद पडलेल्या गेटवेकडे पाठवत बसतात. आम्ही रविवारी दुपारी मुख्य मशीनची वायर उपसून पाहिली. साधारण चार सेकंदांत दुसऱ्यानं दोन्ही पत्ते उचलले.