छोट्या गावासाठी तयार एमबीबीआर संयंत्र: मधली टाकी उत्तम, दोन्ही टोकं लंगडी

पाच-सहा हजार वस्तीच्या गावाचं दिवसाला 500 घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर सांडपाणी शुद्ध करायचं म्हटलं की कारखान्यातून बनून येणारं एमबीबीआर संयंत्र, म्हणजे फिरत्या चकत्यांवर जीवाणू वाढवून पाणी शुद्ध करणारं, हमखास सुचवलं जातं. जागा कमी लागते, उभारणीही झटपट होते. मधल्या टाकीबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती तिच्या आधी आणि नंतर जे बसवायचं राहून जातं त्याची.

टाकीत चाकाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या चकत्या हवेच्या जोरावर फिरत राहतात आणि जीवाणू त्यांच्यावर थर धरतात. तीन-चार आठवड्यांनी एक चकती हातात घेऊन बघावी. बाहेरची कड घासून पांढरी आणि आतल्या कप्प्यांत पातळ, तपकिरी, बुळबुळीत थर असेल तर गाडी रुळावर आहे. कप्पे काळे पडून बुजले असतील, सडका वास येत असेल, तर हवा कमी पडतेय. साध्या सक्रिय गाळाच्या पद्धतीत, जिथे जीवाणू पाण्यात मोकळे असतात, लिटरला 2 मिलिग्रॅम प्राणवायू पुरतो. इथे तो थराच्या आत शिरायला हवा, म्हणून 3 ते 4 ठेवावा लागतो.

दरपत्रक आलं की हिशेब स्वतः मांडा. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला 250 मिलिग्रॅम धरला तर रोजचा भार 125 किलो. चौरस मीटरमागे दिवसाला 5 ग्रॅम धरून 25,000 चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. चकत्यांच्या घनमीटरमागे 500 चौरस मीटर मिळत असेल तर 50 घनमीटर चकत्या आणि अर्धी भरलेली 100 घनमीटरची टाकी. इथे मेख अशी की काही विक्रेते चकतीची बाहेरची बाजूही क्षेत्रफळात मोजतात. चकत्या एकमेकींवर आपटतात तिथे थर टिकत नाही, त्यामुळे आतलंच क्षेत्रफळ धरायचं.

आता पहिलं टोक. 20 मिलिमीटरची जाळी देऊन काम उरकलेलं असतं. तिच्यातून केस आणि चिंध्या आरामात आत जातात आणि टाकीच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवरच्या चाळणीला गुंडाळून बसतात. चाळणी तुंबली की पाणी चढतं आणि चकत्या काठावरून बाहेर वाहतात. मागे 6 मिलिमीटरची दुसरी जाळी हवीच, शिवाय टाकीचा काठ पाण्याच्या वर अर्धा मीटर तरी असावा. सकाळचा लोंढा सरासरीच्या दुप्पट-तिप्पट असतो. सहा तासांचं पाणी, म्हणजे 125 घनमीटर, मावेल अशी समतोल टाकी नसेल तर तो थेट गाळ तळाशी बसवणाऱ्या निवळण टाकीवर आदळतो. त्या टाकीतही हवा सोडावी लागते, नाहीतर पाणी तिथेच कुजतं.

दुसरं टोक गाळाचं. त्याचं तर विचारूच नका. किलोभर बीओडीमागे अर्धा किलो सुका गाळ धरला तरी रोजचे साठेक किलो होतात, आणि ओल्या गाळात सुका भाग 1 टक्का धरला तर तो 6 घनमीटर भरतो. 25 सेंटिमीटर जाडीने पसरायला रोज 24 चौरस मीटर वाळवणीचा वाफा लागतो. सुकायला दहा दिवस धरले तर 240. आराखड्यात मात्र शोभेला ठेवल्यासारखे दोन वाफे! मग गाळ निवळण टाकीतच साठतो, कुजतो, वायूच्या बुडबुड्यांनी वर येतो आणि गाळ लवकर बसावा म्हणून तिथे लावलेल्या तिरक्या नळ्यांत अडकतो.

गाळाची झडप दिवसातून एकदा अर्धा तास उघडी टाकू नये. गाळात भोक पडून वरचं स्वच्छ पाणीच निघून जातं. दर तीन-चार तासांनी काही मिनिटं उघडायची; काळपट धार पातळ झाली की बंद.

वीज जाऊन आली की टाकीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरची हवा हळूहळू वाढवा. बंद काळात चकत्या वर तरंगून दाटलेल्या असतात. एकदम जोर दिला तर त्या चाळणीवर लोटल्या जातात. शेवटी जंतू मारायला घालायचं क्लोरीनचं द्रावण उन्हात ठेवलं तर लवकर निकामी होतं. ते मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपात वायू अडकला तर पंप चालू दिसतो, पण नळीतून थेंबही येत नाही. म्हणून नळी पारदर्शकच मागून घ्या.