'जिप्सी' बघायचा, पण कुठला?

'जिप्सी' या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेचे दोन चित्रपट आहेत, १९६२चा आणि १९९३चा. एकाच 'जिप्सी'साठी संध्याकाळ राखून ठेवली असेल, तर १९९३चा बघा. १९६२चा टाकाऊ आहे म्हणून नव्हे. कारण वेगळं आहे, तेच सांगते.

गोष्ट दोन्हीकडे तीच. मामा रोझला पोरींना रंगभूमी गाजवायला लावायचीच आहे. धाकटी जून पुढे, थोरली लुईझ गाईच्या सोंगात मागे. जून पळून जाऊन लग्न करते आणि आईची नजर लुईझवर पडते. व्हॉडव्हिलचे, म्हणजे गाणी-नाच-नकलांच्या मिश्र कार्यक्रमांचे, दिवस भरलेले; चालतात ती बर्लेस्कची, म्हणजे कपडे उतरवत नाचण्याच्या खेळांची थिएटरं. तिथेच लुईझची जिप्सी रोझ ली होते. खऱ्या जिप्सी रोझ लीच्या १९५७च्या आठवणींवरून १९५९ मध्ये ब्रॉडवेवर ही संगीतिका आली. संगीत जूल स्टाइनचं, गीतं स्टीव्हन सॉन्डहाइमची.

मर्विन लरॉयच्या १९६२च्या चित्रपटात रोझ आहे रोझलिंड रसेल. अभिनय खणखणीत, पण गाण्यांत बराच आवाज लिसा कर्कचा. प्लेबॅकवर वाढलेल्या आपल्याला हे खुपू नये खरं तर. तरी खुपतं. या बाईची गाणी म्हणजे तिची भांडणं आहेत. शेवटच्या 'रोझेस टर्न'मध्ये ती रिकाम्या रंगमंचावर एकटी उभी राहून आयुष्याचा हिशेब मांडते, हे सगळं आपण नेमकं कुणासाठी केलं म्हणून. त्या वेळी चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा असून कसं चालेल? संगीत नाटकाला गाता नट का लागतो, हे माहीत असलेल्यांना अधिक सांगायला नको.

नताली वुड स्वतः गायली आहे. आवाज लहानसाच, पण बुजऱ्या लुईझला शोभतो. अडचण तिच्या रूपाची: कुणाचं लक्षच जात नाही अशी मुलगी म्हणून नताली वुड? हर्बी, म्हणजे रोझवर जीव असलेला मुलींचा एजंट, मात्र इथलाच सरस. कार्ल माल्डनचा सोशिक चेहरा विसरता येत नाही.

१९९३चा एमिल आर्डोलिनोचा, टीव्हीसाठी केलेला. बेट मिडलर स्वतः गाते, आणि कशी गाते! जून गेल्यावर स्टेशनवर 'एव्हरीथिंग्ज कमिंग अप रोझेस' सुरू होतं. शब्द सगळे आनंदाचे, आणि ऐकणारी लुईझ भेदरलेली. मिडलर मधूनमधून जरा जास्तच करते, हे खरं. पण रोझ तरी कुठे कमी करते? संहिता जवळजवळ रंगमंचावरचीच, १९६२ मध्ये कापलेलं 'टुगेदर व्हेरेव्हर वी गो'ही आहे. नेपथ्य पुष्कळदा नेपथ्यच वाटतं. मोठ्या पडद्याचा थाट हवा असेल तर मुकाट १९६२कडे वळा. बालपणीच्या लुईझकडे नीट बघा, ती एलिझाबेथ मॉस आहे.

गोल्डन ग्लोब रसेल आणि मिडलर दोघींनाही मिळाला, त्यामुळे पुरस्कार बघून काही ठरणार नाही. आणि नाटक नाटकासारखंच बघायचं असेल, तर लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमधल्या २०१५च्या प्रयोगाचं चित्रण आहे. त्यात रोझ इमेल्डा स्टॉन्टन. ते मिळालं, तर माझा वरचा सल्ला सोडून द्या.