आईच्या गुडघ्यात ‘स्टेम सेल’ म्हणून तिचंच रक्त भरलं

आम्ही चोपडा तालुक्यातले. आई ६७ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले. जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून स्पष्ट सांगितलं होतं, झीज चौथ्या टप्प्याची आहे, वाटी बदलावी लागेल. आई ऑपरेशनला घाबरत होती. “माले खाले बसता येवाले जोयजे, बाकी काही नको,” एवढंच तिचं म्हणणं. चुलीपुढे बसून कळण्याची भाकरी थापणं बंद झालं, याचं तिला फार दुःख होतं.

तेवढ्यात एका मंगल कार्यालयात गुडघेदुखीचं मोफत शिबिर लागलं. पडद्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे एक्स-रे. “स्टेम सेलने, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशींनी, गादी पुन्हा तयार होते, चिरफाड नाही.” दोन्ही गुडघ्यांचे १ लाख ८० हजार, पण आजच नोंदणी केली तर ३० हजार सूट. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस मी त्याच आठवड्यात विकला.

ठरल्या दिवशी आईच्या दंडातून रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं आणि वर आलेला पिवळसर द्रव दोन्ही गुडघ्यांत टोचला. तासाभरात मोकळे. सह्या घेतलेला कागद इंग्रजीत होता, तो मी वाचला नाही. पावतीवर फक्त ‘उपचार शुल्क’.

दोन महिन्यांनी शिबिरवाल्यांनी नवा एक्स-रे काढला आणि “बघा, हाडांमधली फट वाढली” म्हणाले. आईला तर जिना चढवत नव्हता. लॅबमध्ये काम करणाऱ्या माझ्या मावसभावाने दोन्ही फिल्म शेजारी ठेवल्या. जळगावचा एक्स-रे उभं राहून काढलेला, यांचा झोपवून. वजन नसलं की फट मोठी दिसतेच! आणि दंडाचं रक्त फिरवून जे मिळतं ते पीआरपी, म्हणजे तिच्याच प्लेटलेट्सचा दाट द्रव. पीआरपी हा वेगळा उपचार आहे, स्टेम सेल नव्हे. स्वतःच्या स्टेम सेल घ्यायच्या तर कमरेच्या हाडातला मगज किंवा चरबी काढावी लागते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं मगज प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर संशोधन-चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) द्यायच्या, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पुढे २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी एका उत्पादनाला औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. पण त्यात दात्याच्या मगजातून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी असतात आणि कुपीवर नाव, बॅच क्रमांक छापलेला असतो. आईच्या वेळी अशी कुपी आम्ही पाहिलीच नाही. कोणी स्टेम सेल म्हणालं तर कुपी मागा. चाचणी आहे म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक घ्या आणि पैसे का मागता ते विचारा. बिलावर उपचाराचं पूर्ण नाव लिहून घ्या. पावतीवर ते नाव नसल्यामुळेच आज माझी अडचण झाली आहे.

पैशांपेक्षा आईचे आठ महिने गेले, याचा मला जास्त राग आहे. वाटी महाग म्हणून मी शिबिराकडे वळलो होतो, आणि वाटीच्या किमतीवर सरकारने २०१७ मध्येच मर्यादा घातली होती, हेही मला ठाऊक नव्हतं. आता उजवा गुडघा बदलून झाला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे, दोन्ही एक्स-रे जोडले आहेत. डाव्याची तारीख दिवाळीनंतरची आहे.