आण्णांचं श्रवणयंत्र: चार फेऱ्यांचा अनुभव

आमचे आण्णा 78 वर्षांचे. इचलकरंजीत तीस वर्षं त्यांनी माग चालवले. दोन वर्षांपासून टीव्हीचा आवाज वाढत गेला, त्यांचं बोलणं कमी होत गेलं. गुरुवारचं भजन सोडलं तेव्हा मी घाबरले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी जी टाळण्याजोगी 14 कारणं दिली आहेत, त्यांत कमी ऐकू येणंही आहे.

आधी ऑनलाइन 1,800 रुपयांचं यंत्र मागवलं होतं. कुकरची शिट्टी डोक्यात घुसायची, नातवाचं बोलणं मात्र कळायचं नाही. ते कपाटात पडलं.

मग सांगलीतल्या एका श्रवण केंद्रात गेलो. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंनी पहिला तासभर यंत्राचं नावही काढलं नाही. बंद खोलीत दोन्ही कान तपासले आणि आलेख समोर ठेवून समजावलं. उतारवयात वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ, त ही अक्षरं तिथलीच. स्वर ऐकू येतात, म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येतं गं, पण कळत नाही." आम्ही ओरडायचो, त्यानं फक्त स्वर मोठे व्हायचे! समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं. हे मला यंत्राइतकंच मोलाचं वाटतं.

दोन्ही कानांचे 46,000 रुपये, त्यात आवाज जुळवायच्या चार फेऱ्या. पहिल्या आठवड्यात घरातच रोज दोन तास, मग टीव्ही, गर्दी शेवटी. आण्णांची बोटं थरथरतात म्हणून बारक्या 312 नंबरच्या सेलऐवजी जरा मोठा, 13 नंबरचा सेल लागणारं यंत्र दिलं. घाईनं विकणाऱ्याला हे सुचलं नसतं.

केंद्राला तारे द्यायचे तर एक तारा कापते. केंद्र पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा एकाच बाजूला. येणारे बहुतेक सत्तरीपुढचे, गुडघे धरून चढतात. हे बदलायलाच हवं.

पैशांची अडचण असेल तर आधी राष्ट्रीय वयोश्री योजनेची चौकशी करा. गरीब ज्येष्ठांना 2017 पासून तीतून श्रवणयंत्रं मोफत मिळतात. आवाज मात्र जाणकाराकडून जुळवून घ्या.

तिसऱ्या फेरीनंतर एका संध्याकाळी आण्णा यंत्र लावून दारात बसले होते. बराच वेळ कान देऊन म्हणाले, "खालच्या गल्लीतले माग बंद हाईत काय गं?"

वर्ष झालं होतं बंद होऊन. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.