टर्नटेबलशेजारच्या इंजिन शेडमध्ये रूळ टाकताना: स्लीपरसह तयार ट्रॅक की नुसते रूळ?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर टर्नटेबल (गोल खड्ड्यात फिरून इंजिनाला हव्या मार्गावर वळवणारा पूल) आणि त्याला लागून पंख्यासारखे पसरलेले इंजिन शेड उभारायचे असेल, तर आतले रूळ कोणत्या पद्धतीने टाकायचे हे इमारतीची पहिली भिंत चिकटवण्यापूर्वीच ठरवावे लागते. कारण फरशीची पातळी, दरवाजातून इंजिनाला मिळणारी उंची आणि विजेच्या तारांचे मार्ग या तिन्ही गोष्टी त्या निर्णयावर अवलंबून असतात. मुख्य पर्याय दोन आहेत. स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) असलेला लवचीक तयार ट्रॅक टर्नटेबलच्या खड्ड्याच्या काठापासून मागच्या भिंतीपर्यंत सलग न्यायचा, किंवा आत स्लीपर न वापरता नुसते रूळ फरशीवर चिकटवायचे. खालील मापे एचओ प्रमाणाची, म्हणजे १:८७ आणि १६.५ मिमी गेजची आहेत.

तयार ट्रॅकची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे गेज. दोन रुळांमधले अंतर कारखान्यातच पक्के झालेले असते आणि काम वेगाने होते. मात्र लवचीक ट्रॅक डोळ्यांना सरळ वाटला तरी त्यात बारीक लाट राहू शकते, म्हणून तो धातूच्या लांब पट्टीला टेकवूनच चिकटवावा. खरी अडचण दिसण्याची आहे. वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये कामगारांना इंजिनाखाली उतरता यावे म्हणून रुळांमध्ये तपासणीचे खड्डे असत, रूळ त्या खड्ड्यांच्या भिंतींवर टेकलेले असत आणि बाजूची जमीन पक्की असे. तिथे उघडे स्लीपर दिसले, तर शेड यार्डातल्या रुळांवर नुसते छप्पर टाकल्यासारखे वाटते. फरशी वर उचलून स्लीपर झाकता येतात. पण रूळ आणि स्लीपर मिळून साधारण ४ ते ५ मिमी उंची होते, त्यामुळे शेजारच्या प्रत्येक दोन मार्गांमधली पाचरीच्या आकाराची जागा वेगळी कापून भरावी लागते. हे काम किचकट नसले तरी कंटाळवाणे आहे. शिवाय तपासणीचा खड्डा हवा असेल, तर मधले स्लीपर कापावे लागतात आणि मग तयार ट्रॅकचा मूळ फायदाच उरत नाही.

नुसत्या रुळांच्या पद्धतीत कोड ८३ चा (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) रूळ २.११ मिमी आणि कोड ७० चा १.७८ मिमी एवढीच उंची घेतो. बाहेरच्या स्लीपरच्या जाडीइतकाच जाड प्लास्टिकचा पत्रा आत फरशी म्हणून टाकला की आतल्या-बाहेरच्या रुळांचे माथे आपोआप एका पातळीत येतात, आणि त्याच पत्र्यात तपासणीचा खड्डा कापता येतो. मोबदल्यात गेजची सगळी जबाबदारी आपल्यावर येते. एक रूळ पट्टीला लावून इपॉक्सीने बसवायचा, तो पक्का झाल्यावर गेज मोजण्याच्या साधनाने अंतर तपासत दुसरा बसवायचा, आणि तारा मात्र त्याआधीच रुळांच्या तळाला सोल्डर करून घ्यायच्या. नंतर सोल्डरिंगची उष्णता दिल्यास प्लास्टिकही वितळते आणि चिकटवलेला सांधाही सुटतो. फरशी रुळांच्या माथ्यापर्यंत भरायची असेल, तर आतल्या बाजूला चाकाच्या कडेसाठी साधारण सव्वा मिमी रुंद खाच सोडावी आणि फरशी माथ्यापेक्षा किंचित खाली ठेवावी, नाहीतर रूळ पुसताना तिचा रंग निघतो.

दोन्ही पद्धतींची कसोटी लागते ती टर्नटेबलच्या खड्ड्याच्या काठावर. केंद्रापासून १५० मिमी अंतरावर शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यरेषा, त्यांच्यातला कोन १० अंश असलेल्या मांडणीत, सुमारे २६ मिमी दूर असतात, तर ७.५ अंशांच्या मांडणीत जेमतेम २० मिमी. स्लीपरची लांबी जवळजवळ ३० मिमी असल्याने ते एकमेकांवर चढतात. १० अंशांत केंद्रापासून सुमारे १७२ मिमीपर्यंत आणि ७.५ अंशांत सुमारे २३० मिमीपर्यंत ही अडचण राहते. तयार ट्रॅक वापरणाऱ्याला तेथील स्लीपरची टोके छाटावी लागतात, आणि रुळाला घट्ट धरणारे भाग नेमके त्याच जागी कमी होतात, जिथे पुलावरून उतरणारे चाक रुळाच्या टोकावर आदळते. म्हणूनच काठावर सर्किट बोर्डच्या तांबे चढवलेल्या आखूड पट्ट्यांवर रूळ सोल्डर करणे मला दोन्ही पर्यायांपेक्षा अधिक भरवशाचे वाटते. प्रत्येक पट्टीवरचा तांब्याचा थर दोन रुळांच्या मध्ये कानशीने तोडण्यास विसरू नये. एक पट्टी राहिली तरी शॉर्ट सर्किट होते.

मांडणीचा क्रम पद्धत कोणतीही असली तरी बदलत नाही. टर्नटेबल आधी पक्के बसवावे, त्याचा पूल फिरवून एकेका मार्गाची रेषा आखावी, मग रूळ टाकावेत आणि भिंती शेवटी उभ्या कराव्यात. रूळ काठापलीकडे थोडे लांब ठेवून चिकटवावेत आणि नंतर कापून अर्ध्या मिमीच्या आसपास फट ठेवावी. पूल १८० अंश फिरवून त्याचे दुसरे टोकही त्याच मार्गाशी जुळते का, हे प्रत्येक वेळी पाहावे, कारण पूल मध्यबिंदूवर नेमका नसेल तर एका टोकाला जुळलेला मार्ग दुसऱ्या टोकाला चुकतो.

विजेच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच आहेत. साध्या डीसी नियंत्रणावर प्रत्येक मार्गाला स्वतंत्र स्विच लागतो, नाहीतर शेडमधली सगळी इंजिने एकदम हलतील. डीसीसीमध्ये, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश देणाऱ्या डिजिटल नियंत्रणात, तो अनिवार्य नाही.

निवड करताना शेडचे छप्पर उचलून आत पाहता येणार आहे का, हे आधी विचारात घ्यावे. छप्पर कायमचे बसणार असेल आणि दारातून पहिले काही सेंटिमीटरच दिसणार असतील, तर आत तयार ट्रॅक टाकून फक्त दाराजवळची फरशी भरणे पुरेसे आहे. तिथे नुसत्या रुळांचे कष्ट कोणाला दिसणारही नाहीत. छप्पर सुटे असेल, आत दिवे लावायचे असतील किंवा तपासणीचे खड्डे दाखवायचे असतील, तर नुसते रूळच घ्यावेत, पण एक मार्ग पूर्ण करून त्यावरून आपले सर्वांत लांब, सर्वाधिक चाकांचे इंजिन दोन्ही दिशांनी चालवून पाहिल्याशिवाय दुसरा मार्ग चिकटवू नये.