टच ग्लोव्हज, चार महिन्यांनंतर: उजवं बोट मेलं, डावं अजून चालतंय

परवा पहाटे सव्वापाचला बसची वाट बघत उभा होतो आणि उजव्या हाताचं बोट मेलं. माझं नाही, ग्लोव्हचं. ड्रायव्हरचा फोन वाजतोय, मी स्क्रीनवर बोट सरकवतोय, परत सरकवतोय, फोन ढिम्म. शेवटी दातात धरून ग्लोव्ह ओढला तोपर्यंत कॉल कट झाला, आणि बस आज मागच्या गेटला लागलीय एवढंच सांगायला त्याने फोन केला होता, त्यामुळे पुढची सात मिनिटं मी जॅकेट, डबा, हेल्मेट सगळं सांभाळत कसा पळालो ते विचारू नका. त्याच तिरमिरीत हे लिहायला घेतलं. पण लिहिता लिहिता दोन दिवस गेले, मधे काही गोष्टी उलगडल्या आणि राग अर्धा माझ्याच अंगावर आला, तरी वरचं खोडत नाही, जसं घडलं तसं राहू दे.

तर पहिली गोष्ट पैशाची. साध्या हातमोज्यांच्या तिप्पट पैसे दिलेत मी या जोडीला. तिप्पट! आणि जास्तीचं काय मिळतं, तर दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, अशा चार टोकांवर राखाडी रंगाचा दोरा. बाकी मोजा तोच, आतलं मऊ अस्तर तेच, मनगटाचं इलॅस्टिक तर उलट सैलच. हा दोरा म्हणजे नायलॉनवर चांदीचा मुलामा, वीज वाहून नेतो म्हणून स्क्रीनला बोट कळतं. ते कसं हे बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो कारण पुढे लागणार आहे. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडसारख्या पारदर्शक पदार्थाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते, बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि फोनला जागा कळते. लोकर आणि लोकरीत अडकलेली हवा मधे आली की बोट लांब पडतं, बदल इतका कमी होतो की फोन तो मोजतच नाही. दाबण्याचा इथे काडीचा संबंध नाही. मला हे सगळं पाठ आहे आणि तरी थंडीत मी अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबतोच.

दाबून चालणारे फोन होते की आधी. २००८ चा नोकिया ५८०० आठवतोय का, त्याची स्क्रीन दाबावर चालायची, नख लावा, पेनचं टोपण लावा, जाड हातमोजा लावा, सगळं चालायचं आणि आपण त्याला हसायचो. मग बोटाने अलगद सरकणारे फोन आले आणि २०१० च्या थंडीत दक्षिण कोरियात लोक सॉसेजने आयफोन चालवत होते म्हणून बातम्या आल्या. तेव्हा विनोद वाटला होता. परवा स्टॉपवर माझ्याकडे सॉसेज असतं तर मी पण लावून बघितलं असतं.

पहिला महिना मी या ग्लोव्हजवर खूष होतो हे कबूल केलं पाहिजे. कॉल उचलणं, गाणं बदलणं, मॅप सरकवणं, सगळं पहिल्या फटक्यात. मी तर शिफ्टमधल्या दोघातिघांना घ्यायला लावले, ते आता माझ्याशी कसे बोलतात हा वेगळा विषय.

पण पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकत होती आणि आज मला फक्त त्याबद्दलच बोलायचंय खरंतर. बोटाच्या पुढचं रिकामं टोक. माझी तर्जनी संपते आणि त्यानंतर ग्लोव्ह आणखी आठ मिलिमीटर पुढे जातो. मोजलंय पट्टीने. आठ मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटेल, पण स्क्रीनवर एक अक्षर जेवढं रुंद असतं त्यापेक्षा हे जास्त आहे! तुम्ही अक्षरावर नेम धरता, आधी ते रिकामं टोक काचेला टेकतं, मग दुमडतं, कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि टच लागतो भलतीकडेच. ग्रुपवर मी रोज "निघालो" टाकतो, ते दर दोन दिवसांनी "निघाला" जायचं. ड्रायव्हर विचारायचा, कोण निघाला? आठवडाभराने त्याने विचारणं सोडलं आणि माझं नावच निघाला पडलं.

आता यात कंपनीची चूक काय, तर साइज चार्ट. तळव्याचा घेर मोजा म्हणे. मोजला, एल आला, एल मागवला. बोटाची लांबी कुणी विचारतच नाही! अरे, ज्या वस्तूचं सगळं काम बोटाच्या टोकाशी आहे तिचं माप तळव्यावरून घेता? माझा तळवा रुंद, बोटं आखूड, आमच्या घरात सगळ्यांचीच तशी. एम मागवला तर मूठ वळत नाही आणि एल घेतला की पुढे रिकामी टोपी. साध्या हातमोज्यात आठ मिलिमीटर कुणाला कळणार पण नाहीत, इथे तेच सगळं आहे. मी हे त्यांच्या चॅटवर व्यवस्थित लिहून पाठवलं होतं दुसऱ्याच महिन्यात, उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

बरं, परवाच्या मृत बोटाकडे येतो. चॅट परत उघडला. आधी म्हणे फोन रीस्टार्ट करा. केला. मग म्हणे स्क्रीनगार्ड काढून बघा. अहो, त्याच स्क्रीनगार्डवर त्याच जोडीतलं डावं बोट मस्त चालतंय, तर गार्डचा काय संबंध? मग व्हिडिओ मागितला. उजव्या हातात ग्लोव्ह घालून, डाव्या हाताने बायकोच्या फोनवर माझाच फोन न चालतानाचा व्हिडिओ काढला, पाठवला. मग कळलं की वॉरंटी ९० दिवसांची आणि मी आहे चौथ्या महिन्यात. हे पहिल्या मेसेजलाच सांगता आलं असतं. शेवटी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन टिकवलं हातावर.

मला वाटत होतं धुण्यामुळे चांदी गेली असणार. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलंय, हाताने धुवा, ब्लीच नको, सॉफ्टनर नको, पिळू नका. आणि एकदा जॅकेटच्या खिशात राहून गेलेले मशीनमध्ये. शिवाय चांदी म्हटल्यावर ती काळवंडते, घासून घासून मुलामा उडतो. घरी मल्टीमीटर पडलेला असतो, दोन पिना टेकवल्या की मधून वीज जाते का ते सांगणारा मीटर, म्हटलं बघू तरी. राखाडी टोकावर बाहेरून दोन्ही पिना टेकवल्या, तर उजव्या बोटाला रीडिंग येतंय, साठ-सत्तर ओहम. डाव्याला पण जवळपास तेवढंच. म्हणजे चांदी शाबूत! मग एक पिन बाहेर आणि एक ग्लोव्हच्या आत, जिथे कातडी टेकते तिथे. डावीकडे रीडिंग आलं, उजवीकडे काहीच नाही.

ग्लोव्ह उलटा केला तेव्हा दिसलं. आतलं अस्तर टोकापासून सुटून अर्धा इंच खाली आलेलं, आणि बाहेरचा दोरा ज्या दोन टाक्यांनी अस्तरातून आत येऊन बोटाला लागतो ते टाके तुटलेले. म्हणजे बाहेरची टोपी ठीक आहे पण तिचा माझ्या बोटाशी संबंध तुटलाय, तिला अंगच उरलं नाही. मधल्या अस्तराच्या पातळ थरातून थोडाफार परिणाम पोचतो, म्हणून कधी चालायचं कधी नाही, आणि मी समजत होतो की जोरात दाबल्याने चाललं. दाबल्यावर अस्तर चेपायचं, एवढंच.

आणि ते टाके कुणी तोडले? मीच. दातांनी. घाम आलेलं बोट बाहेर ओढलं की अस्तर पण सोबत बाहेर येतं, आणि मी दिवसातून वीस वेळा तो ग्लोव्ह ओढून काढत होतो. का काढत होतो, तर फोन अनलॉक करायला. फिंगरप्रिंटला खरं बोटच लागतं, दोऱ्याचं चालत नाही. चेहऱ्याने उघडावा तर मफलर नाकापर्यंत. म्हणजे ग्लोव्ह काढायला लागू नये म्हणून तिप्पट पैसे दिले आणि ते ग्लोव्ह काढून काढूनच फाडले. कंपनीला शिव्या दिल्या त्यातल्या निम्म्या इथे परत घेतो. साइज चार्टच्या नाही घेणार.

पोराला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, बाबा, फोन उघडायला पिन नंबर का नाही टाकत? आणि नाकाने उचला ना कॉल. नाकाने उचलता येतो, करून बघितलं, नाक उघडं असतं आणि कातडीच ती. पण त्याने खरं काम केलं ते वेगळंच, माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली टचची संवेदनशीलता वाढवायचं एक बटन आहे ते त्याने चालू केलं. मी कपाटातले जुने पातळ हातमोजे घातले, शून्य चांदी, आणि फोन चालायला लागला. फुकट. दोन मिनिटं मी काही बोललो नाही. ही काही नवी गोष्ट पण नाही, नोकियाच्या लुमिया ९२० ला २०१२ मध्ये हे होतं, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ४ ला २०१३ मध्ये होतं. सगळ्या फोनला नसतं, आयफोनला असलं बटन नाही, पण ग्लोव्हज मागवण्याआधी आपल्या फोनमध्ये एकदा शोधा एवढं तरी कराच.

त्या आनंदात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला सासूबाईंचा फोन, जावईबापू, सगळं ठीक आहे ना? मी त्यांना तीन मिस कॉल दिले होते म्हणे. मी नाही, पॅंटच्या खिशाने. संवेदनशीलता वाढवली की स्क्रीन चुकून चालू राहिलेल्या फोनला कापडाआडची मांडी पण बोटच वाटते. धुक्याचे थेंब काचेवर बसले तरी बोट. आणि जाड लोकरीच्या मोज्यातून तरीही काही कळत नाही, फक्त पातळ असतील तरच. ते बटन मी आता सकाळी लावतो आणि गाडीत बसलो की बंद करतो.

बाकी दोन-तीन सेटिंग्ज आहेत ज्यांनी माझी निम्मी कटकट गेली. आवाज वाढवायच्या बटनाने कॉल उचलणं आणि पॉवर बटनाने कॉल ठेवणं, माझ्या फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत आहे. ती खरी बटनं आहेत, त्यांना चांदी लागत नाही. बोलून टाइप करणं चालतं, पण पहाटे अंधारात एकटा माणूस फोनला "निघालो पूर्णविराम" सांगतोय हे बघून कुत्री भुंकतात. आणि फोन आतल्या खिशात ठेवा, कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरी दम टाकते, माझा एकदा पंधरा टक्क्यांवर असताना बंद पडला होता.

शेवटी काल रात्री सुई घेऊन बसलो. नवीन दोरा विकत आणायचा नाही हे ठरलं होतं, खूप दिले पैसे. डाव्या अंगठ्याचं राखाडी टोक कापून हातभर दोरा उसवून काढला. उजव्या तर्जनीचं अस्तर पेन्सिलीने वर ढकललं, बाहेरून आत, आतून बाहेर असे सहा टाके घातले आणि गाठ मुद्दाम आत ठेवली, थोडी मोठीच, म्हणजे बोटाला कायम टोचत राहील. टोचू दे. आणि हात लागलाच आहे तर ते आठ मिलिमीटरचं रिकामं टोक आत दुमडून शिवून टाकलं. बायको म्हणाली हे काय ध्यान दिसतंय, बोटाला टेंगूळ आल्यासारखं. दिसू दे. मीटरवर आतून बाहेर रीडिंग आलं, आणि आज सकाळी "निघालो" मात्रेसकट गेलं, पहिल्याच झटक्यात. नव्या ग्लोव्हला जे जमत नव्हतं ते या टेंगळाला जमलं.

तोटा एवढाच की डावा अंगठा आता साधा झाला, एका हाताने फोन धरून त्याच अंगठ्याने स्क्रोल करायची सवय होती ती मोडावी लागतेय. डाव्या तर्जनीचं टोक अजून रिकामंच आहे, रविवारी ते पण दुमडणार. कूपनची मुदत महिनाअखेरीला संपतेय, संपू दे.