हॅमर की वर्ल्ड एडिटर: पहिला मॅप कशात करावा?

मोर्शी-वरुडकडची आपली पोट्टी अजून काउंटर-स्ट्राइक १.६ या गोळीबाराच्या गेमवरच आहेत, त्यामुळे मॅप, म्हणजे खेळायची जागा, करायला बसणारा आधी त्या गेमचे मॅप काढायचं सॉफ्टवेअर, हॅमरच उघडतो. साहजिक आहे. डेव्ह जॉन्स्टननं १९९९ मध्ये डस्ट हा त्याच गेमचा गाजलेला मॅप केला तेव्हा तोही हौशीच होता. शिवाय आपल्या जिनिंगचा मॅप केला, कापसाच्या गाठींचा आडोसा, वर पत्र्याचं शेड, की पहिल्याच राउंडला सगळे ओळखतात. ही मजा वॉरक्राफ्ट ३ या गेमच्या मॅप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, वर्ल्ड एडिटरमध्ये, नाही. तिथली झाडंही परकी, घरंही परकी.

पण हॅमरमध्ये मॅप काढून झाला की पुढं कंपाइल असतं, म्हणजे मॅप गेमला चालेल अशा रूपात आणणं. त्यात चार प्रोग्राम ओळीनं चालतात: सीएसजी, बीएसपी, व्हिस, रॅड. भिंत आणि छपरात केसभर फट राहिली की लीक, आणि कुठून काय दिसतं ते मोजणारं व्हिस अडतं. तेही चालवून घेता येतं, पॉइंटफाइल फटीकडं जाणारी रेघ दाखवते, ती धरून गेलं की फट सापडते. मला नडला तो रॅड. कुठल्या दिव्याचा उजेड कुठल्या भिंतीवर किती पडेल ते तो आधीच मोजून ठेवतो, आणि जुन्या मशीनवर त्याला तासन्‌तास लागतात. लाइन काही त्याला विचारून जात नाही. गेली की पुन्हा पहिल्यापासून. इन्व्हर्टर म्हणाल, तर मे महिन्यात घरचे त्यावर पंखा लावतील की तुमची जिनिंग? एक्स्ट्रा हा बारकाईनं मोजायचा पर्याय न लावता रॅड लवकर उरकतो, पण सावल्या कातरल्यासारख्या दिसतात. मला तरी त्या बघवत नाहीत.

वर्ल्ड एडिटरमध्ये सेव्ह करा, कंट्रोल-एफ९ दाबा, मॅप चालू. लाइन गेलीच तर शेवटच्या सेव्हनंतरचं तेवढं जातं. ट्रिगरही, म्हणजे कधी काय घडावं ते नियम, घटना, अट, कृती या क्रमानं लावायचे, प्रोग्रामिंग न शिकलेल्यालाही जमतात. २००३ मध्ये पहिला डोटा, पुढं गाजलेला वेगळाच खेळ, याच एडिटरमधून निघाला. हॅमरमध्ये मुख्यतः जागा बदलते, इथं खेळच बदलता येतो.

खेळायला माणसं जमवणं मात्र अवघड, हे कबूल. नवे नियम समजावण्यातच निम्मी संध्याकाळ जाते.

गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या लाइनवर, असाल आणि रात्री लाइन टिकत असेल, तर हॅमर घ्यायला हरकत नाही. वस्ती शेतात, कृषी फीडरवर, म्हणजे शेतपंपांच्या लाइनवर, असेल तर मी वर्ल्ड एडिटरच सांगेन. जिनिंगचा मॅप काय, तालुक्याला कोणाच्या मशीनवर रात्रभर कंपाइलला लावता येतो.